शटल आखूड का पडले?

कोर्टवर दोन विद्यार्थिनी बॅडमिंटन खेळत आहेत. पण आजचे गुण त्यांना मिळणार नाहीत. ते मिळणार आहेत कोर्टाबाहेर बाकावर कागद-पेन घेऊन बसलेल्या तिसरीला.

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत 'ए लेव्हल' हा अभ्यासक्रम असतो. 2016 पासून लागू झालेल्या त्याच्या रचनेत शारीरिक शिक्षण या विषयाची 70 टक्के परीक्षा लेखी आहे. उरलेल्या 30 टक्क्यांपैकी निम्मा वाटा स्वतःच्या कामगिरीला आणि निम्मा कामगिरीच्या विश्लेषणाला आहे. ओसीआर या परीक्षा मंडळाने विश्लेषणासाठी तोंडी परीक्षा ठेवली आहे. विद्यार्थ्याने एखाद्याचा खेळ पाहायचा, टिपणे काढायची आणि जास्तीत जास्त 30 मिनिटांत त्या खेळाडूची बलस्थाने, उणिवा, त्यांतली आधी दूर करावी अशी उणीव आणि त्यावरचा सरावाचा आराखडा मांडायचा. शिवाय प्रत्येक विधानाला शास्त्राचा आधार द्यायचा.

आता हा फटका पाहा. खेळाडूने डोक्यावरून मारलेला क्लिअर, म्हणजे शटल उंचावरून कोर्टाच्या मागच्या टोकाला पोचवणारा फटका, प्रतिस्पर्ध्याच्या बेसलाइनपर्यंत न पोचता मध्यावरच उतरतो आणि समोरून लगेच स्मॅश, म्हणजे जोरात खाली मारलेला फटका, येतो. 'हातात जोर नाही,' हे पहिले निदान कोणालाही सुचते. नजर हातावरून पायांकडे गेली, तर मात्र वेगळे दिसते: शटलच्या मागे जायला तिला उशीर होतो, त्यामुळे फटका शरीरापुढे न बसता डोक्याच्या मागे बसतो, आणि पाय, कंबर व खांदा यांच्या वळणातून जी गती रॅकेटपर्यंत यायला हवी, ती वाटेतच अडते. शटलचे वजन जेमतेम 5 ग्रॅम आणि त्याला 16 पिसे, त्यामुळे हवेच्या अवरोधाने त्याचा वेग झपाट्याने घटतो. सुरुवातीचा वेग थोडा जरी कमी पडला, तरी अंतर बरेच तुटते. निदान चुकले की उपायही चुकतो: मनगट बळकट करण्याचे व्यायाम दिले जातात आणि पाय होते तिथेच राहतात.

परीक्षक असलेल्या शिक्षकाची खरी अडचण इथे सुरू होते. न्यूटनचे नियम घडाघडा म्हणणारा विद्यार्थी प्रत्यक्षात काहीच पाहत नसेल, हे शक्य आहे. आणि अचूक पाहणारा एखादा अबोल विद्यार्थी बोलताना अडखळत असेल, हेही तितकेच शक्य आहे. तोंडी पद्धत वाक्पटूंना झुकते माप देते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही तिचा एक फायदा नाकारता येत नाही: पाठ केलेला सिद्धांत समोरच्या खेळाला लागू पडतो की नाही, हे ऐकताना चटकन कळते. गुण शिक्षकच देतात, पण त्यांचे मूल्यमापन मंडळाच्या नियामकाकडून तपासले जाते. त्यामुळे 'छान बोलली' एवढ्यावर गुण देऊन भागत नाही.

बाकावरची विद्यार्थिनी आता बोलू लागली आहे. खेळाडूची दमछाक होत असावी, असे वाटत होते, पण तसे नाही, असे ती म्हणते. शिक्षक एवढेच विचारतात, "कशावरून?"

ती कागद त्यांच्यासमोर धरते. आखूड पडलेल्या प्रत्येक क्लिअरसाठी तिने एकेक रेघ ओढली आहे, आणि खेळाडू ताजीतवानी होती त्या पहिल्याच गेममध्ये रेघांची दाटी झाली आहे.