वहीतले एक पान

पितळी तांब्या, जांभळे कापड आणि भरताचे हिरवे वांगे. चाळीसगाव तालुक्यातील एका गावात, घराच्या ओसरीवर एक मुलगी तासाभरापासून या तीन वस्तूंसमोर बसली आहे. आधी तिने हात ताठ करून पेन्सिलीवर तांब्याची उंची मोजली, मग वांग्याची लांबी त्या उंचीशी ताडून पाहिली, आणि आता तांब्याच्या पोटावर उमटलेली कापडाची जांभळी झाक ती पातळ रंगात उतरवते आहे. कला पदवीच्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढावे लागते. त्यासाठी हा रोजचा सराव चालू आहे.

शालेय चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेतील ‘अ’ श्रेणीमुळे दहावीला 7 वाढीव गुण मिळाले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. बारावीनंतर कला महाविद्यालयाचा विषय निघाला, तेव्हा वडिलांनी वही काढली.

ही ती वही. बियाणे, खत आणि कापूस वेचणीची मजुरी यांच्या पुढच्याच पानावर शुल्क, खोलीभाडे आणि मेस असे लिहिले आहे. त्याखाली मुलीच्या अक्षरात कार्ट्रिज पेपर, तैलरंग, ब्रश आणि कॅनव्हास. यातील शुल्काच्या ओळीची धास्ती सर्वांना वाटते. प्रत्यक्षात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आरक्षित व आर्थिक दुर्बल प्रवर्गांतील, 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पालकांनी खरी विचारपूस करायला हवी ती साहित्याच्या खर्चाची, कारण रंग आणि कागद पदवीची चारही वर्षे सतत लागतात.

शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. खानदेशच्या तीन जिल्ह्यांत एकही नाही, ही खंत येथे नोंदवायलाच हवी. जळगावला खासगी महाविद्यालयात शिकायचे तर रेल्वेच्या पासावर जाऊन-येऊन भागते. संभाजीनगरला कन्नडचा घाट ओलांडून खोली घेऊन राहावे लागते.

आणि पुढे नोकरी? कलाशिक्षकाची वाट अरुंद आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 हून अधिक विद्यार्थी असले, तरी कलेसाठी अंशकालीन निदेशकच, म्हणजे अर्धवेळ शिक्षकच, नेमायचा आहे. म्हणून वडिलांचा कल उपयोजित कलेकडे, म्हणजे जाहिरात, वेष्टन आणि मांडणीच्या कामाकडे आहे. मुलीचे मन मात्र रंगचित्रकलेत आहे.

चाळीसगाव स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. 1912 साली जन्मलेल्या या कलावंताने इंग्लंडमध्ये कमर्शियल आर्टचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर 1989 मध्ये निधन होईपर्यंत याच गावात छायाचित्रे, चित्रे आणि शिल्पे घडवली. एकाच्या उदाहरणावर घर चालत नाही, हे वडिलांचे म्हणणे खरे आहे. तरीही मुलीला येथे घेऊन आले ते वडीलच, आणि टेबलावर वस्तू मांडून टिपलेल्या छायाचित्रांसमोर दोघेही बराच वेळ उभे राहिले.

प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून झाला आहे. वहीतील खोलीभाड्याची ओळ अजून कोरी आहे. तो आकडा विचारायला वडील सोमवारी स्वतः संभाजीनगरला जाणार आहेत.