ओढ बसली की रेणू काय करतो?

पडद्यावर दिसणारे हे दोन ठिपके म्हणजे प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी. त्यांच्यामध्ये डीएनएचा एकच रेणू ताणून धरलाय. तो इथं दिसत नाही, पण मणी जरा दूर सरकवला की त्याची ओढ मोजता येते. मणी जागच्या जागी धरलाय तो लेसरच्या प्रकाशानं. केंद्रित केलेल्या एकाच झोतात असा कण अडकवता येतो, हे आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवलं. प्रकाशाच्या या चिमट्यासाठी अ‍ॅश्किन यांना 2018 चं नोबेल मिळालं.

इथलं बळ पिकोन्यूटनमध्ये मोजतात. एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. रेणूच्या जगात मात्र एवढंसं बळही पुरतं.

डीएनए ताणायला लागलं की आधी त्याची वळणं सरळ होतात. मग तो ताठ होतो, सहजी लांबत नाही. आणि सुमारे 65 पिकोन्यूटनला एकदम सैल पडतो: बळ जवळजवळ तेवढंच, पण लांबी वाढत वाढत सुमारे 1.7 पट होते. दुपदरी पिळाची घडणच तिथं बदलते.

स्नायूंमधल्या टायटिन या अवाढव्य प्रथिनाचं वागणं आणखी वेगळं. त्याच्या घड्या एकेक करून उलगडतात आणि आलेखावर करवतीचे दाते उमटतात. ताण सोडला, की घड्या पुन्हा बसतात. 1997 मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं.

ओढलं की बंध लवकर तुटणार, असंच कुणालाही वाटेल. बहुतेक बंधांचं तसंच असतं. पण रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं पी-सिलेक्टिन हे प्रथिन वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीला धरतं, तेव्हा थोडी ओढ वाढली तर ती पकड जास्त वेळ टिकते. आणखी ओढलं तरच ती सुटायला लागते. 2003 मध्ये प्रत्यक्ष मोजमापातून हे सिद्ध झालं. संसर्गाच्या जागी पोचायचं, तर या पेशींना वाहत्या रक्तात आधी भिंतीला धरून राहावंच लागतं.

पण बळाचं खरं मोल कळतं ते व्हॉन विलब्रँड फॅक्टर पाहिल्यावर. रक्तातल्या या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या एरवी गुंडाळलेल्या असतात. रक्तवाहिनीला इजा झाली, प्रवाहाची ओढ वाढली, की त्या उलगडतात. प्लेटलेट त्यांना चिकटतात आणि रक्त थांबायला सुरुवात होते. त्याच ओढीनं साखळीतला ए2 नावाचा भागही उघडतो. त्याच्या आत लपलेली एक जागा बाहेर येते आणि एक विकर (एन्झाइम) साखळी नेमकी तिथंच कापतं. घडी मिटलेली असेल तर त्या विकराला ती जागा सापडतच नाही. साखळी जितकी लांब, तितका तिच्या मध्यावर ताण जास्त. त्यामुळे गुठळ्या करण्याची ताकद ज्यांच्यात सर्वाधिक, त्याच साखळ्या आधी कापल्या जातात. म्हणजे साखळ्यांना रक्त थांबवायला पुढं करणारं आणि त्यांचा अतिरेक रोखणारं बळ एकच!

हा तोल ढळला, तर परिणाम थेट माणसावर होतो. ए2 चा भाग सहज उघडावा असा जनुकीय बदल असेल, तर साखळ्या गरजेपेक्षा आखूड होतात आणि रक्तस्राव थांबता थांबत नाही. उलट ते विकरच फार कमी पडलं, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी गुठळ्या होतात. वेळेत उपचार झाले नाहीत, तर हा आजार जिवावर बेततो. अशा रुग्णाला निरोगी दात्यांचा प्लाझ्मा देतात, आणि त्यातून ते विकर त्याच्या रक्तात पोचतं.