ही वाघीण कुणाची?

[दृश्य: फळीच्या उंचीवर कॅमेरा. इंजिन संथपणे पुढे येतं.]

फोंड्यातल्या आमच्या माडीवर ही पाच फूट लांब, फूटभर रुंद फळी आहे, माझ्या मॉडेल रेल्वेची. तिच्यावर तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) आणि शंटिंगसाठी, म्हणजे डबे हलवून लावण्यासाठी, एक नेक. नेक म्हणजे इंजिनाला मागेपुढे होण्यापुरता रूळ. त्यात इंजिन आणि तीनच वाघिणी, म्हणजे मालडबे, मावतात. एका सायडिंगमध्ये पाच, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. इंग्लंडच्या ॲलन राइट यांचा हा 'इंगलनूक' आराखडा.

आठ वाघिणी असतात. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. असे 6,720 क्रम होतात. मी कितीतरी दिवस हेच खेळलो. डोकं छान चालायचं, पण माझं स्टेशन कधी जागं झालं नाही. कारण एकाही वाघिणीला कुठे जायचंच नव्हतं.

म्हणून आधी काळ ठरवला. आज मालगाडी म्हणजे बहुधा अख्खा रेक, म्हणजे सगळे डबे एकत्रच जाणारे, एकाच मालाचे. त्यात निवडानिवड काय करणार? मी मीटरगेजकडे, म्हणजे एक मीटर रुंदीच्या जुन्या रुळांकडे, वळलो. गोव्याच्या मुरगाव बंदरातून मडगाव, सावर्डे, कुळे करत, दूधसागरावरून कॅसलरॉकला चढणारा हा मार्ग 1888 सालचा. 1990च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. माझं काल्पनिक स्टेशन त्याआधीचं, सावर्ड्याच्या अलीकडे वसलेलं.

[दृश्य: टेबलावर कार्डं.]

आता प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड आहे. माल काय, कुणाचा, भरायचा की उतरवायचा. मालधक्क्यावर तांदूळ, डेपोला तेलाची टाकी, तिसऱ्या सायडिंगमध्ये खत. रिकाम्या वाघिणी आधी काढायच्या. आणि रिकामी नेमकी भरलेल्या दोन वाघिणींच्या पलीकडे उभी असते! त्या दोन बाहेर ओढायच्या, रिकामी सोडवायची, मग भरलेल्या परत धक्क्याला लावायच्या. तेही कुठेतरी नाही, दार धक्क्यासमोर येईल असं. चिठ्ठ्यांच्या कोड्यात ही शेवटची चाल नव्हती. मला सगळ्यात जास्त आवडते ती हीच.

शेजारचे एक काका रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे पॉइंट फिरवणारे, होते. माझं शंटिंग बघून म्हणाले, "अरे, माणसाला चालत तरी जाऊ दे!" खरंच, कपलिंग सोडवायला कुणीतरी रुळाकडेने जातो, वाकतो, बाजूला होतो, मग बावटा दाखवतो. तेव्हापासून दर कपलिंगला मी तीस सेकंद थांबतो.

वेगाचंही तसंच. शंटिंगची मर्यादा ताशी 15 किलोमीटर. माझ्या मॉडेलच्या 1:87 प्रमाणात हा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे पाच वाघिणींची 40 सेंटिमीटर लांबी ओलांडायला आठ सेकंदांहून जास्त. या वेगात चाकं रुळाच्या सांध्यांवरून जाताना एकेक दिसतात.

[दृश्य: गार्डचा डबा शेवटी जोडला जातो.]

आजचं काम पाऊण तास चाललं. चार वाघिणी लागल्या, गार्डचा डबा जोडला, पॉइंट मुख्य मार्गाकडे वळवले. तांदळाची वाघीण मात्र राहिली. हमाल उशिरा आले, असं मीच कार्डावर लिहिलं होतं. ती उद्याच्या गाडीला.