बेचाळीस पानांचं शून्य

[दृश्य – तळघराचा जिना, मग दार]

हे दार ढकलायला दोन्ही हात लागतात. वीतभर जाड काँक्रीट आहे. अणुयुद्ध झालंच तर इमारतीतल्या सगळ्यांनी या दाराआड जाऊन बसायचं. १९६३ च्या कायद्याने स्वित्झर्लंडमधल्या नव्या इमारतींखाली असे निवारे आले आणि आमची इमारत त्यानंतरची. सध्या आत काय आहे ते दिसतंच आहे. स्कीच्या जोड्या, जॅमच्या बरण्या, कुणाच्या तरी पाळण्याची फळकुटं. आणि कोपऱ्यात निळ्या झाकणाची एक पेटी. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय, 'थँक्सगिव्हिंग'. ही पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची. आपली फिल्म त्यांच्यावर आहे.

[दृश्य – खिडकी. भोंग्याचा आवाज पूर्ण ठेवायचा]

७ फेब्रुवारी २०२४, बुधवार, दुपारचा दीड. दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभरचे भोंगे एकदम वाजवून बघतात. खाली ट्रॅमच्या थांब्यावर कुणी मानही वर करत नाही. तिच्याकडे पाहा. ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची. तिकडे भोंगा वाजला की टॉर्नेडो आला, पोरांना घेऊन तळघरात पळायचं. झुरिकमध्ये येऊन तिला चौदा वर्षं झाली. नवरा स्विस, दोन्ही मुलांचा जन्म इथला. तरी हात खिडकीच्या कडीकडे गेलाच.

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहतो. मूळचा साताऱ्याचा. माझी मुलगी तिला मावशी म्हणते. पहिलं वर्षभर तिला वाटायचं, हे आपल्या आडनावाचं मराठी रूप असावं.

[दृश्य – धुलाईघर. भिंतीवरचा तक्ता जवळून]

हा तक्ता म्हणजे आमच्या इमारतीची राज्यघटना. बारा घरं, एक धुलाईघर. इथे त्याला वाशक्यूशं म्हणतात. ज्याची पाळी त्याच्याकडे किल्ली. सार्वजनिक नळावर पाळी लावलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. पण जिच्या माहेरी स्वयंपाकघराशेजारी स्वतःचं यंत्र आणि स्वतःचा ड्रायर होता, तिला 'एक मंगळवार सोडून एक मंगळवार' हे पचायला दोन वर्षं लागली.

तिचे हात बघा. धुणं झालं की काम संपत नाही. आधी गाळणीतला लोकरीसारखा कचरा काढायचा. मग साबणाचा खण बाहेर ओढून धुवायचा. मग दाराची रबरी कडा घडी उलगडून पुसायची, कारण तिथे पाणी साचतं. शेवटी फरशी. यंत्राचं दार उघडं ठेवायचं, साधारण चार बोटं. पहिल्या महिन्यात तिने ते बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी, अतिशय सभ्य भाषेत, खाली 'मैत्रीपूर्ण नमस्कार'. ती चिठ्ठी तिने जपून ठेवली आहे. फ्रिजवर लावलेली आहे ती तीच.

[दृश्य – फूटपाथ, पोलीस आणि मुलं]

हा प्रसंग ऑगस्टमधला. गळ्यात चमकते त्रिकोणी पट्टे घातलेली ही सगळी बालवाडीची मुलं, तिच्या धाकट्याच्या वर्गातली. शिकवणारा खरा पोलीस आहे. रस्ता ओलांडायचे चार शब्द तो पाठ करून घेतो. वार्ते, लुएगे, लोसे, लाउफे. थांब, बघ, ऐक, चाल. थोड्या दिवसांनी मुलं एकटी जातात. आईने दारापासून सोडायला येणं शिक्षकांना फारसं आवडत नाही.

थोरल्याच्या वेळी ती झाडामागे लपत लपत त्याच्या मागून गेली होती. विस्कॉन्सिनमध्ये पाच वर्षांचं पोर एकटं रस्त्याने चाललेलं दिसलं, तर कुणीतरी पोलिसांना फोन करेल. इथे पोलीसच त्याला चालायला शिकवतो. धाकट्याच्या वेळी ती खिडकीत उभी राहिली. हा शॉट मी वरच्या गच्चीतून घेतला आहे. ती हात हलवते आहे, पण तो वळून बघत नाही.

दुपारी बाराला मुलं जेवायला घरी. म्हणजे आईही घरी. नोकरीचं काय, हा प्रश्न इथल्या पुष्कळ आयांना पडतो. ती अर्धवेळ काम करते.

[दृश्य – बाटल्यांची कुंडं]

बाटल्या टाकण्याची तीन भोकं आहेत. पांढरी काच, हिरवी, तपकिरी. निळी बाटली हिरव्यात. रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. हे तिला माझ्याआधी कळलं. मला तिनेच सांगितलं, तेही रविवारी, माझा हात भोकापर्यंत गेल्यावर.

[दृश्य – जेवणाचं टेबल, रात्र. कागद]

आता ज्यासाठी मी हा कॅमेरा उचलला, ते.

जूनची ९ तारीख. मुलं झोपली आहेत. टेबलावर डावीकडे स्विस कराचे कागद. ते मार्चमध्येच भरून झाले. उजवीकडचा गठ्ठा अमेरिकेचा. परदेशात राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत मुदत असते. चौदा वर्षांत तिने अमेरिकेत एक डॉलर कमावलेला नाही. तिकडे घर नाही, जमीन नाही. तरी दर वर्षी हा गठ्ठा येतोच, कारण अमेरिका कर लावते ती पासपोर्टवर. माणूस कुठे राहतो याच्याशी तिला देणंघेणं नाही. यादवी युद्धाच्या काळापासूनची ही रीत. जगात असं करणारा दुसरा देश एरिट्रिया. मी त्याच इमारतीत राहतो, पासपोर्ट भारताचा, पण इथल्या पगाराबद्दल मला दिल्लीला एक ओळ लिहावी लागत नाही. जो जिथे राहतो, तिथे त्याने कर भरावा, असं आपला कायदा मानतो.

कागद जवळून बघू. आधी पगाराचे फ्रँक वर्षाच्या सरासरी दराने डॉलरमध्ये बदलायचे. मग परदेशातल्या कमाईची सूट. २०२३ साठी ती मर्यादा १ लाख २० हजार डॉलर होती. तिचा अर्ध्या वेळेचा पगार त्यात आरामात मावतो. मग खात्यांची यादी. वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज १० हजार डॉलरच्या वर गेली, की प्रत्येक खातं कळवायचं. पगाराचं खातं. नवऱ्यासोबतचं खातं, ज्यात पैसे बहुतेक त्याचे आणि ज्याचा अमेरिकेशी काडीचा संबंध नाही. घराच्या हप्त्याचं खातं.

आणि हे चौथं. इथे बोट थांबलंय. हे तिचं नाहीच. वस्तीत एक तुर्नफेराइन आहे, म्हणजे आपल्याकडच्या तालमीसारखं, व्यायामाचं मंडळ. इथे प्रत्येक गल्लीत असं काहीतरी असतं. गायनाचं, नेमबाजीचं, अकॉर्डियनचं. परक्या माणसाला इथल्या समाजात शिरायचं तर दार तेवढंच. ती चार वर्षं त्या मंडळाची खजिनदार आहे. खात्यावर सही तिची चालते, म्हणून मंडळाच्या खात्यातली चटया आणि दोऱ्यांची पुंजीसुद्धा वॉशिंग्टनला कळवायची. आकडा, खात्याचा क्रमांक, बँकेचा पत्ता, वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक.

घड्याळ बघा, रात्रीचे पावणेबारा. छापील पानं बेचाळीस. शेवटच्या पानावर देय कराचा चौकोन आहे. त्यात तिने लिहिलं, शून्य.

[दृश्य – पाराडेप्लात्स चौक, धावत्या ट्रॅममधून]

हे असं का, ते समजायला या चौकात यावं लागतं. इथे मोठ्या बँकांच्या कचेऱ्या आहेत. चित्रीकरण ट्रॅममधून केलंय, खिडकीचं प्रतिबिंब येतंय त्याला इलाज नाही.

स्विस बँकांच्या गुप्ततेला १९३४ साली कायद्याचं कुलूप लागलं. ते फोडणारा माणूस अमेरिकनच निघाला. ब्रॅडली बर्कनफेल्ड, यूबीएस या बँकेचा कर्मचारी. एका ग्राहकासाठी त्याने टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये लपवून हिरे नेले होते, हे त्याने स्वतः सांगितलं. श्रीमंत अमेरिकन इथे पैसा कसा दडवतात, ते सगळं त्याने अमेरिकी सरकारपुढे मांडलं. फेब्रुवारी २००९ मध्ये यूबीएसने ७८ कोटी डॉलर दंड कबूल केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ४,४५० खात्यांची माहिती द्यायचं ठरलं. बर्कनफेल्डला तुरुंग झाला. सुटल्यावर २०१२ मध्ये त्याच सरकारने त्याला १० कोटी ४० लाख डॉलर बक्षीसही दिलं. तुरुंग आणि बक्षीस, दोन्ही एकाच माणसाला.

मग सांक्ट गालनची वेगेलिन. १७४१ सालची, देशातली सर्वांत जुनी खासगी बँक. जानेवारी २०१३ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि गाशा गुंडाळला. त्याआधीच, मार्च २०१० मध्ये ओबामांनी एका कायद्यावर सही केली होती. त्याचं लघुनाव फॅटका. जगभरच्या बँकांनी आपल्याकडचे अमेरिकन ग्राहक शोधून कळवावेत, नाहीतर अमेरिकेतून येणाऱ्या पैशातून ३० टक्के कापले जातील. स्वित्झर्लंडशी त्यासाठीचा करार जून २०१४ मध्ये लागू झाला.

जाळं टाकलं होतं देवमाशांसाठी. ट्यूबमधले हिरे एकीकडे आणि तुर्नफेराइनच्या चटया दुसरीकडे. पण बँकेच्या संगणकाला दोन्ही ठिकाणी एकच दिसतं, जन्मस्थान अमेरिका. असा ग्राहक सांभाळण्यापेक्षा नसलेला बरा, असं अनेक बँकांनी ठरवलं.

तिलाही पत्र आलं. बँकेचं नाव झाकलं आहे. वीस ओळी, साठ दिवसांची मुदत, खाली पुन्हा 'मैत्रीपूर्ण नमस्कार'. दुसरी बँक मिळाली, घराच्या कर्जावर फक्त नवऱ्याचं नाव राहिलं आणि मंडळाने खजिनदार बदलला.

[दृश्य – क्युसनाख्त, तळ्यावरची बोट]

तळ्याकाठचं हे क्युसनाख्त. गायिका टीना टर्नर इथे राहायच्या. टेनेसीतल्या नटबुशच्या. २०१३ मध्ये त्या स्विस नागरिक झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं. २०२३ मध्ये याच गावात वारल्या. बोटीतून जाताना ती त्यांचंच गाणं गुणगुणत होती. आवाज वाऱ्यात गेला, म्हणून वापरता आला नाही.

[दृश्य – झुरिक मुख्य स्टेशन, घड्याळ]

हे घड्याळ हान्स हिल्फिकरने १९४४ मध्ये तयार केलं. लाल काटा बाराच्या खुणेवर येऊन क्षणभर थांबतो, मग मिनिटकाटा उडी मारतो आणि गाडी सुटते. खाली बर्नच्या गाडीसाठी उभी असलेली, करड्या कोटातली ती.

१२ नोव्हेंबरला तिने बर्नच्या अमेरिकी वकिलातीत नागरिकत्व सोडल्याची शपथ घेतली. २०१४ मध्ये ४५० डॉलरवरून २,३५० डॉलर झालेली फी भरली. आईला भेटायला जाताना आता तिला ऑनलाइन परवानगी काढावी लागेल. वकिलातीत कॅमेरा नेता येत नाही.

[दृश्य – स्वयंपाकघर, ३० नोव्हेंबर]

थँक्सगिव्हिंग असतं गुरुवारी. इथे गुरुवारी शाळा, कचेरी सगळं चालू, म्हणून हे जेवण शनिवारी. तळघरातली पेटी वर आली. भोपळ्याचे डबे सूटकेसमधून आलेले. क्रॅनबेरीऐवजी इथली प्रायझेलबेरी. मिक्सर आजीचा, १२० व्होल्टचा, म्हणून खाली हा विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. सारखा गुणगुणतो. त्याच्यावर मांजर बसतं, कारण तो गरम असतो.

टर्की खाटकाकडे तीन आठवडे आधी सांगावी लागते. साडेसहा किलोची मिळाली. आता ओव्हन. स्विस स्वयंपाकघराचं आपलं वेगळं माप आहे, रुंदी ५५ सेंटिमीटर. तिने माहेरून आणलेला कथलाचा ट्रे आत जातच नाही. दर वर्षी मोजून बघते, दर वर्षी जात नाही. मग ओव्हनचाच ट्रे घेतला. टर्कीचे पाय दोरीने आवळून बांधले, पंख मुरडून पाठीखाली दाबले. तरी दार लावलं तेव्हा एक तंगडी काचेला टेकलीच. चार तास हे असंच. काचेवर चरबीचा ओघळ उतरतोय, तेवढ्या भागात आतलं दिसत नाही.

नवऱ्याने खालच्या आजीबाईंना बोलावलं आहे. यंत्राचं दार उघडं ठेवा, अशी चिठ्ठी लिहिणाऱ्या त्याच. त्यांनी वाइन आणली. प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून पेला भिडवायचा, त्याआधी घोट घ्यायचा नाही. माझ्या मुलीला अननसाच्या रसाने तेच करायला लावलं.

संध्याकाळचे सात. विस्कॉन्सिनमध्ये दुपारचे बारा. कपाटावर टेकवलेल्या फोनमध्ये तिची आई.

[इथून निवेदन नाही. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण राहू द्यायची. शॉट एक मिनिट दहा सेकंद, कापायचा नाही]