गाडी किती वेळ उभी राहणार आहे?

(विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगवरील आमच्या चित्रपटातले दृश्य: साताऱ्याजवळ महामार्गालगतच्या एका हॉटेलचे आवार. सकाळचे साडेआठ.)

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेली एक पांढरी गाडी चार्जरसमोर येऊन थांबते. चालक खाली उतरतो आणि नाश्त्याकडे वळण्याआधी चार्जरच्या पडद्यावर तळहाताची सावली धरतो, कारण ऊन थेट काचेवर पडले आहे आणि सावलीशिवाय आकडे वाचता येत नाहीत. जाड काळी केबल तो दोन्ही हातांनी उचलतो आणि तिच्या टोकाची गन गाडीत बसवतो. आतली कडी अडकल्याचा आवाज येतो. काही सेकंद काहीच घडत नाही, कारण तेवढ्या वेळात गाडी आणि चार्जर किती व्होल्ट, किती अँपिअर हे एकमेकांशी ठरवून घेत असतात. मग चार्जरचे पंखे घोंघावू लागतात. बॅटरी २२ टक्क्यांवर आहे, आणि वेगाचा आकडा चढत चढत ४४ किलोवॉटवर स्थिरावतो.

फलकावर मात्र ६० किलोवॉट लिहिलेले आहे.

नव्याने विजेची गाडी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा फरक पहिल्या लांबच्या प्रवासात खटकतो, आणि आपली फसवणूक झाली असे वाटणेही स्वाभाविक आहे. पण फलकावरचा आकडा ही चार्जरची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्ष वेग गाडी ठरवते. किलोवॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. चार्जर १५० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ शकत नसेल आणि गाडीच्या बॅटरीचा दाब ३२० व्होल्टच्या आसपास असेल, तर गुणाकार ४८ किलोवॉटवरच थांबतो. ६० चा आकडा गाठण्यासाठी जास्त व्होल्टची बॅटरी लागते. शिवाय अनेक ठिकाणी एका चार्जरला दोन गन असतात, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की ६० चे ३० आणि ३० होतात. म्हणूनच सरावलेले चालक आवारात शिरताना आधी शेजारच्या गनकडे पाहतात, फलकाकडे नंतर.

या चालकाचा हिशेब आपण जवळून पाहू, कारण चार्जिंगचा वेग निवडण्याची सगळी विद्या त्यात आहे. पुणे ते कोल्हापूर हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे आणि सातारा जवळपास त्याच्या मध्यावर येतो. इथून कोल्हापूर १२० किलोमीटर. महामार्गावर ही गाडी एका युनिटला, म्हणजे एक किलोवॉट-तास विजेला, साधारण सहा किलोमीटर जाते, म्हणजे पुढच्या प्रवासाला २० युनिट हवेत. ४० युनिटच्या बॅटरीत २२ टक्के म्हणजे नऊएक युनिट शिल्लक आहेत. वाटेत रस्ता बंद असला, पाऊस लागला किंवा वळसा पडला तर हाताशी असावेत म्हणून तो सहा युनिट वेगळे ठेवतो. म्हणजे त्याला आणखी १७ युनिट घ्यायचे आहेत आणि ४४ किलोवॉटच्या वेगाने ते २३ ते २५ मिनिटांत येतात. बॅटरी तेव्हा ६५ टक्क्यांवर असेल. मिसळ आणि चहा संपायला तेवढाच वेळ लागतो. समजा इथे ६० ऐवजी १२० किलोवॉटचा चार्जर असता आणि त्याची गाडी ५० किलोवॉटच्या वर वीज घेतच नसती, तर त्याची जेमतेम तीन मिनिटे वाचली असती. महागड्या दराच्या अतिवेगवान चार्जरसाठी पुढे आणखी २० किलोमीटर रेटण्यात त्याला काहीच लाभ नव्हता.

याउलट ज्यांच्या गाड्या १५० किलोवॉटच्या वर वीज घेऊ शकतात, त्यांच्यासाठी तो मोठा चार्जर शोधणे अगदी रास्त आहे. भारतात २०२४ च्या अखेरीस आलेल्या काही मोठ्या गाड्यांबाबत २० ते ८० टक्के चार्जिंग २० मिनिटांत होते असे कंपन्या सांगतात. पण त्यासाठी चार्जरही तेवढ्याच ताकदीचा लागतो. गाडी आणि चार्जर या दोघांत जो दुबळा असेल, वेग त्याचा राहतो.

(दृश्य: त्याच आवारात दुसरी गाडी. हिरव्या नंबर प्लेटवर पिवळे आकडे.)

सातारा ते पुणे विमानतळ अशी टॅक्सी चालवणाऱ्या या गृहस्थांना वेगवान चार्जिंगखेरीज पर्याय नाही, कारण गाडी उभी राहिली की कमाई थांबते. त्यांच्या गाडीत २० ते ८० टक्क्यांना पाऊण तास लागतो. पडद्यावर ८० दिसताच ते उठतात. आम्ही विचारले, “अजून थोडी भरून का घेत नाही?” त्यांनी रांगेतल्या गाडीकडे हात करून सांगितले, “साहेब, पुढच्या वीस टक्क्यांना तेवढाच वेळ जातो. त्यापेक्षा वाटेत परत दहा मिनिटं लावलेली परवडते.” मग मागच्या गाडीतल्या वयस्कर गृहस्थांना हाक मारून म्हणाले, “या काका, मी काढतो, तुम्ही लावा.”

त्यांचे निरीक्षण बॅटरीच्या रसायनशास्त्राशी तंतोतंत जुळते. बॅटरी रिकामी असताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत भराभर शिरतात. जसजशा जागा भरत जातात तसतसे त्यांना आत शिरणे अवघड होते, आणि तरीही जोर लावला तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, ज्याने बॅटरीची क्षमता कायमची घटते. त्यामुळे गाडीतील नियंत्रण यंत्रणा ८० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याआधीही, स्वतःहून प्रवाह कमी करू लागते. कराड-कोरेगावकडच्या शिवारात ऊस भरताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. रिकाम्या ट्रॉलीत मोळ्या सटासट पडतात, पण वरचे थर लागले की प्रत्येक मोळी हाताने बसवावी लागते, दाबावी लागते, आणि घाई केली तर घसरते. चार्जरची ताकद तीच असते. जागा कमी उरलेली असते.

थंडीतही हेच घडते. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी पहाटे गार असते आणि गार बॅटरीत आयन संथ चालतात, म्हणून तिथून निघताच वेगवान चार्जर गाठला तर आकडा नेहमीपेक्षा खाली दिसतो. घाट उतरून बॅटरी थोडी ऊबदार झाल्यावर तोच चार्जर बरा वेग देतो. मे महिन्याच्या दुपारी उलटी अडचण असते. बॅटरी तापलेली असते, आणि ती थंड करण्यासाठी गाडी स्वतःच वेग उतरवते.

घाटाचा विषय निघाला आहे तर त्याचाही हिशेब मांडावा, कारण सातारकरांना तो टळत नाही. सातारा शहरापासून महाबळेश्वर सुमारे ६०० मीटर उंच आहे. माणसांसह १,७०० किलो वजनाची गाडी तेवढी वर नेण्यासाठी, रस्त्यावरच्या नेहमीच्या खर्चाखेरीज, जवळपास पावणेतीन युनिट लागतात. पडद्यावरचे टक्के चढणीवर भराभर उतरतात तेव्हा अनेकांचा धीर सुटतो आणि ते खालीच बॅटरी १०० टक्के करून घेण्यासाठी वेगवान चार्जरवर तास-दीड तास अडकून बसतात. वास्तविक जिथे रात्रभर मुक्काम आहे तिथे हॉटेलचा साधा संथ चार्जर किंवा १५ अँपिअरचा सॉकेट पुरेसा असतो, आणि उतरताना ब्रेकऐवजी मोटर गाडी रोखते तेव्हा चढणीवर गेलेल्या विजेतली बरीचशी परत बॅटरीत जमा होते. एक दक्षता मात्र घ्यावी. डोंगरावर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला सुरुवात केली तर ती वीज साठवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून घाट उतरण्याआधी थोडी जागा मोकळी ठेवावी, असे आम्हाला मनापासून सांगावेसे वाटते.

(दृश्य: साताऱ्यातील शाहूपुरी. एका बैठ्या घराचा ओटा, संध्याकाळ.)

आता रस्ता सोडून घराकडे वळू, कारण खासगी वापराच्या बहुतेक गाड्यांचे बहुतेक चार्जिंग घरीच होते. कोरेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या या बाई रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर गाडी चालवतात. त्याला सहा-सात युनिट लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तासाला तीनएक युनिट वीज ओढते, त्यातली थोडी घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करताना उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि तरीही रोजचा खर्च अडीच-तीन तासांत भरून निघतो. रात्रीचे दहा तास मोकळे असताना भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवावा का, हा त्यांचा प्रश्न होता. तो बसवण्यासाठी ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते आणि घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्यातच काही छोट्या गाड्यांचा हे एसी-डीसी रूपांतर करणारा आतला चार्जर ३.३ किलोवॉटचाच असतो. अशा गाडीला ७.२ किलोवॉटचा चार्जर लावला तरी ती ३.३ च घेणार. बाईंनी गाडीचे माहितीपुस्तक उघडून हे तपासले आणि साध्या सॉकेटवर राहायचे ठरवले. आमच्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता.

पण साधा सॉकेट म्हणजे कसाही सॉकेट नव्हे, आणि याबाबतीत हयगय झालेली आम्ही स्वतः पाहिली आहे. मिक्सर किंवा गिझर तासन् तास सलग पूर्ण भाराने चालत नाही, गाडी चालते. हलक्या वायरवर आणि सैल सॉकेटवर आठ तास १३-१४ अँपिअर प्रवाह गेला की प्लास्टिक मऊ पडते, करपते, पिन काळ्या होतात. या चित्रपटाच्या तयारीत आम्ही ज्या घरी मुक्काम केला, तिथे पहाटे जळका वास आला म्हणून उठलो तर सॉकेटची एक बाजू तपकिरी झाली होती. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारा स्विच), गळती ओळखणारे सुरक्षा उपकरण आणि चांगल्या प्रतीचा औद्योगिक सॉकेट यांचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे. तो टाळू नये.

बाईंच्या घरी पहिल्या दिवशी चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडीने वीज घ्यायचे नाकारले. वायरमन आला. त्याने मीटरमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यावरचे झाकण काढले तेव्हा आतली माती कोरडी ठणठणीत होती. आटलेल्या विहिरीच्या तळासारखी ती भेगाळली होती. त्याने नवे मीठ-कोळसा भरून अर्थिंगची पट्टी घासून घट्ट केली आणि दोन बादल्या पाणी ओतले. दिवा हिरवा झाला. घरातली सगळी उपकरणे इतकी वर्षे त्याच निकामी अर्थिंगवर चालत होती. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणून ही गोष्ट उघडकीस आली.

बिलाचा मुद्दाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतात. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेहून अधिक युनिटची भर पडते, आणि घराचा मूळ वापर १०० च्या आसपास असेल तर ही सगळी भर वरच्या, महाग टप्प्यात जाते. चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी उपलब्ध आहे, तेव्हा स्वतंत्र मीटर घेणे परवडते का याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र आणखी बदलते. सार्वजनिक वेगवान चार्जरच्या दरावर १८ टक्के जीएसटीही लागतो, आणि तो दर बहुधा घरच्यापेक्षा बराच चढा असतो. त्या वेगाची किंमत आपण वाचलेल्या वेळेपोटी मोजतो. वेळ वाचत नसेल, तर ती मोजण्याचे कारण उरत नाही.

वेगवान चार्जिंगने बॅटरी खराब होते का, हे आम्हाला सर्वाधिक वेळा विचारले गेले. प्रवासात अधूनमधून केल्याने चिंता करण्यासारखे काही होत नाही. नियंत्रण यंत्रणा त्यासाठीच आहे. रोजच, तेही तापलेल्या बॅटरीवर आणि १०० टक्क्यांपर्यंत करत राहिल्यास तिचे वय लवकर वाढते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. तिचा दाब (व्होल्ट) भरताना फारसा बदलत नाही, त्यामुळे किती भरली याचा यंत्रणेचा अंदाज हळूहळू चुकत जातो. अशा गाड्या ठरावीक काळाने संथ चार्जरवर पूर्ण १०० टक्के भराव्यात असे उत्पादक सांगतात, आणि त्यानंतर पडद्यावरचे टक्के पुन्हा भरवशाचे होतात. टॅक्सीवाले गृहस्थही सोमवारी रात्री गाडी घरच्या सॉकेटला लावूनच झोपतात, ते याचसाठी.

(दृश्य: शाहूपुरीचा तोच ओटा. रात्रीचे साडेदहा.)

बाई वह्या तपासून उठल्या आहेत. उद्या शनिवार, सकाळची शाळा. गाडी ५८ टक्के दाखवते आहे. त्या प्लग हातात घेतात, क्षणभर थांबतात आणि आत मुलाला विचारतात, “रविवारी आजीकडे जायचं नक्की आहे ना?” आतून हो म्हणून उत्तर येते. “मग उद्या रात्री लावू,” असे म्हणून त्या केबल गुंडाळून खुंटीवर अडकवतात आणि ओट्यावरचा दिवा मालवतात.