पुढे नाद्येज्दा, मागे रॉबर्ट

(चित्र: काळ्या पार्श्वभूमीवर शटल, अगदी जवळून)

सोळा पिसं, तळाला बूच, आणि वजन सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आसपास. आपण गल्लीत याला फूल म्हणतच मोठे झालो. पोलंडमध्ये म्हणतात लोत्का. पक्ष्याच्या पंखात उडण्यासाठी जे लांब पीस असतं, त्याचंही नाव तेच. आणि अंगणात, बागेत हौसेनं खेळतात त्या बॅडमिंटनला तिथली माणसं लाडानं कोमेत्का म्हणतात. कोमेत्का म्हणजे छोटासा धूमकेतू.

(चित्र: बर्फानं भरलेला रस्ता, शेवटी क्रीडागृहाची उजळलेली खिडकी)

फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि स्की जंपिंगवर जीव टाकणारा हा देश. पण ईशान्येला सुवाउकी नावाचं गाव आहे, पोलंडमध्ये थंडीसाठी प्रसिद्ध. दक्षिणेला चेक सीमेजवळ ग्वुपचित्से आहे. अशा गावांमधून पोलिश बॅडमिंटन वाढलं. बाहेर बर्फ, आत पिवळे दिवे, आणि बुटांचा तो करकर आवाज.

(चित्र: जुन्या सामन्यातला रॉबर्ट, मागच्या रेषेवर)

हा रॉबर्ट मातेउशाक. जन्म 1976 चा, वॉर्साजवळच्या वोवोमिनमधला. मिखाउ वोगोशबरोबर तो अनेक वर्षं पुरुष दुहेरी खेळला. त्याचं पहिलं ऑलिंपिक 2000 सालचं, सिडनीचं. त्या काळचा खेळ आजच्या मुलांना सांगितला तर पटणार नाही. ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. दुहेरीत एका बाजूच्या दोघांनीही सर्व्हिस गमावल्याशिवाय सर्व्हिस समोर जायची नाही. तासभर घाम गाळूनही फळ्यावर आकडा जागचा हलत नसे. मग 2006 मध्ये नियम बदलले. गेम 21 चा झाला आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. रॉबर्ट तेव्हा तीस वर्षांचा होता. त्या वयात अनेकजण रॅकेट खुंटीला टांगतात. त्याच्या कारकिर्दीचा चांगला भाग तर अजून पुढेच होता.

(चित्र: जाळीजवळ उभी नाद्येज्दा, रॅकेट छातीच्या उंचीवर)

कारण ही, मिश्र दुहेरीतली त्याची जोडीदार. नाद्येज्दा कोस्त्युचिक. 1984 मध्ये ब्रेस्तला जन्मली. ब्रेस्त बेलारूसमध्ये आहे, पण बूग नदी ओलांडली की पोलंड. ती पोलंडकडून खेळू लागली आणि लग्नानंतर स्कोअरबोर्डवर नाव आलं झ्येंबा. नाद्येज्दा या शब्दाचा अर्थ आशा.

आता चित्र जरा सावकाश करू या.

मिश्र दुहेरीत सर्व्हिस रॉबर्टची असते तेव्हा नाद्येज्दा त्याच्या पुढे, जाळीकडे तोंड करून उभी असते. त्याचे हात तिला दिसत नाहीत. शटल आपल्या बाजूनं निघालं, हे तिला कळतं ते कानाजवळून गेल्यावर. आता रॉबर्टचा अंगठा पाहा, रॅकेटच्या मुठीच्या सपाट बाजूवर टेकलेला. मूठ आखूड धरलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांत पिसाचं टोक. रॅकेट जेमतेम वीतभर हलते. शटलनं जाळीची पट्टी जवळजवळ घासत जायचं आणि पलीकडे, जाळीपासून 1.98 मीटरवर असलेल्या रेषेच्या किंचित पुढे पडायचं. बोटभर उंच गेलं, तर समोरचा खाली ठोकणारच. आणि ते ठोकलेलं शटल पहिलं येतं ते नाद्येज्दाच्या अंगावर.

प्रेक्षकांची नजर मागून उडी मारणाऱ्या पुरुषावर जाते, स्मॅशचा आवाज तिकडून येतो म्हणून. तुम्ही या वेळी पुढे बघा. तिनं रॅकेट खाली सोडलेली नाही. समोरची जोडी शटल तिच्या डोक्यावरून मागे ढकलायला बघते आहे, कारण बाईला मागच्या कोर्टात अडकवलं की जोडी मोडते, हा या खेळातला जुना डाव. ती एक पाऊल मागे येते, आडवी होते आणि शटल वाटेतच अडवते. मनगटाचा एक हलका झटका. समोरच्याला शटल वर उचलावंच लागतं. आता रॉबर्ट उडी मारतो. गुण फळ्यावर दोघांच्या नावानं लागतो, पण तो तयार पुढे झाला. मिश्र दुहेरीत बाई "मदतीला" असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा तुकडा पुन्हा मागे नेऊन पाहावा.

(चित्र: जकार्ता, इस्तोरा स्टेडियम, गच्च भरलेलं)

2009 मध्ये या दोघांनी हाँगकाँग सुपर सिरीज जिंकली. सुपर सिरीज म्हणजे तेव्हाच्या बॅडमिंटनमधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका. आणि हा जून 2010, इंडोनेशियाची सुपर सिरीज. या सभागृहात बॅडमिंटनला जो गलका होतो, तो जगात फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो. ही तारीख आपल्याला पाठ आहे, 27 जून. याच दिवशी, याच कोर्टावर सायना नेहवाल महिला एकेरी जिंकली. आपल्या घराघरांत सायनाचं नाव झालं, आणि ते रास्तच होतं. त्याच संध्याकाळी मिश्र दुहेरीचा करंडक पोलंडला गेला. चीन, कोरिया, इंडोनेशिया, डेन्मार्क या नेहमीच्या नावांमध्ये पोलंड! दुहेरीच्या विजेत्यांची नावं आपण इतक्या पटकन का विसरतो, हे मला कधी कळलेलं नाही.

(चित्र: कार्ल्सक्रूना, स्वीडन. पदक गळ्यात)

एप्रिल 2012, युरोपियन अजिंक्यपद. युरोपचं बॅडमिंटन म्हणजे डेन्मार्क, असं वर्षानुवर्षं समीकरण. मिश्र दुहेरीचं सुवर्ण पोलंडला. रॉबर्ट 36 वर्षांचा, नाद्येज्दा 28 च्या उंबरठ्यावर. दोघांचे चेहरे बघा.

ऑलिंपिकचं पदक आलं नाही. बीजिंग 2008 आणि लंडन 2012, दोन्हीकडे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल. 2016 मध्ये रिओला दोघं पुन्हा एकत्र उतरले. रॉबर्टचं ते सलग पाचवं ऑलिंपिक, आणि वय चाळीस.

(चित्र: जुना सामना पुन्हा सुरू. कॅमेरा जाळीच्या पातळीवर)

या सामन्यातली एक रॅली आम्ही न कापता ठेवली आहे. सर्व्हिस रॉबर्टची. नाद्येज्दा पुढे, गुडघे वाकवून. मी आता मध्ये बोलणार नाही.