सावाकाठचं ब्रच्को

नमस्कार, श्रोतेहो. 1995 साली अमेरिकेत डेटन इथे बोस्नियाच्या युद्धावर तोडगा निघाला. देश एकच राहिला, पण आत दोन भाग झाले. एक सर्बांचं रिपब्लिका सर्प्स्का, दुसरं बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, आणि क्रोएटांचं फेडरेशन. नकाशावर जवळपास सगळं ठरलं, घोडं अडलं ते ब्रच्कोपाशी.

सावा नदीवरचं हे बंदर. सर्बांच्या मुलखाचे दोन तुकडे जोडणारी अरुंद पट्टी इथूनच जाते, त्यामुळे सर्ब ते सोडायला तयार नव्हते. फेडरेशनला सावेतून डॅन्यूबकडे जाणारा जलमार्ग हवा होता. पण खरी जखम त्याहून खोल होती. युद्धाआधी इथे बोस्नियाक आणि क्रोएटच जास्त होते. 1992 मध्ये त्यांना घरांतून हुसकावलं गेलं आणि बंदराच्या गोदामांत छळछावणी उभी राहिली. तिथे कैद्यांना मारणाऱ्या गोरान येलिसिचला हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने 40 वर्षांची शिक्षा सुनावली. असं बंदर कोणाच्या पदरात टाकायचं?

रॉबर्ट्स ओवेन यांच्या लवादाने 1999 च्या मार्चमध्ये निकाल दिला: तालुका देशाच्या दोन्ही भागांच्या सामाईक मालकीचा, पण त्यावर राज्य दोघांपैकी कोणीच करायचं नाही. 8 मार्च 2000 रोजी ब्रच्को जिल्हा जन्मला. विधानसभा स्वतःची, पोलीस आणि न्यायालयं स्वतःची, सैन्य मात्र नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली शाळा. बोस्नियात काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, मुलं वेगळी आणि अभ्यासक्रमही वेगळे. ब्रच्कोत मुलं एका वर्गात बसतात, लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्या चालतात. हे सहज घडलं नाही. 2000 च्या ऑक्टोबरात विद्यार्थीच वेगळ्या शाळांसाठी रस्त्यावर उतरले होते. तरी दुसऱ्याच वर्षी एकत्र वर्ग सुरू झाले. त्यामागे अफाट अधिकार असलेला परदेशी पर्यवेक्षक होता, हेही सांगायला हवं. लोकांनी निवडून न दिलेल्या माणसाने हे घडवावं, याची खंत वाटते. पण त्या मुलांसाठी मी ती सोसेन.

2013 च्या जनगणनेत बोस्नियाक सुमारे 42 टक्के, सर्ब 35, क्रोएट 21. बहुमत कोणाचंच नाही. पर्यवेक्षकाचं काम 2012 मध्ये स्थगित झालं, लवाद मात्र कायम आहे. दोघांपैकी जो निकाल मोडेल, त्याचा हक्क काढून जिल्हा दुसऱ्याला देण्याची मुभा त्याने राखून ठेवली आहे.